सव्वीस आठवड्यांचा मुक्काम

तात्पुरत्या नेमणुकीच्या पत्रात रुजू होण्याची आणि कार्यमुक्त होण्याची अशा दोन तारखा ठळक अक्षरांत छापलेल्या असतात, पण त्या दोन तारखांच्या मधल्या काळात माणसाने कुठे राहायचे, याविषयी त्यात एक ओळही नसते. कायम नोकरी लागली की घर हलते आणि बदली झाली की बदलीच्या गावी बिऱ्हाड मांडले जाते, या दोन्ही गोष्टींची आपल्याकडे रीत ठरलेली आहे. सहा महिन्यांच्या कामासाठी मात्र कोणतीच रीत नाही. घर हलवावे तर हलवून बसेपर्यंत मुदत संपते, आणि रोज ये-जा करावी तर ती सहा महिन्यांची ये-जा अंगावर वर्षांसारखी येते. गेल्या हिवाळ्यात मी या पेचातून गेले. तेव्हा भेटलेल्या प्रत्येकाने मला दोन्हीपैकी एक उत्तर ठामपणे दिले, पण ते उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे हे मात्र मला स्वतःलाच शोधावे लागले.

आमचे घर साताऱ्यात आहे. यजमान जावळी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत आणि गेली कित्येक वर्षे मोटारसायकलवर अपडाउन करतात. घरात सासूबाई आहेत आणि तेव्हा नववीत असलेली मुलगी आहे. मी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली, पण साताऱ्यात माझ्या वाट्याला आजवर अर्धवेळ कामेच आली. पुण्यातल्या एका महाविद्यालयातल्या ग्रंथपाल बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या आणि त्यांच्या जागी पूर्णवेळ काम मिळण्याची संधी माझ्यापुढे आली. २०१७ सालच्या कायदादुरुस्तीने ही रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली. त्या सुधारणेचा आईला आणि बाळाला जो लाभ झाला तो सर्वांना माहीत आहे. पण तिच्यामुळे बदली उमेदवाराची मुदतही अर्ध्या वर्षाची झाली, आणि अर्ध्या वर्षात माणूस एखादे काम खरोखर हाताखालून घालू शकतो, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. बारा आठवड्यांसाठी कदाचित मी घराबाहेर पडलेच नसते. सव्वीस आठवड्यांसाठी मला जायचेच होते, आणि त्याबद्दल माझ्या मनात कधी दुमत नव्हते. प्रश्न फक्त रात्री कुठे पाठ टेकायची एवढाच होता.

सातारा ते स्वारगेट हे अंतर साधारण ११० किलोमीटरचे आहे. रेल्वे आहे, पण ती जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार असा वळसा घेत येते आणि सातारा स्थानकही गावाबाहेर माहुलीला आहे, त्यामुळे रोजच्या नोकरदाराला ती सोयीची नाही. त्याचा सारा भरवसा महामार्गावर आणि एसटीच्या विनाथांबा गाडीवर असतो. पहाटे साताऱ्याच्या स्थानकात स्वारगेटच्या गाडीची रांग लागते, तिकिटे स्थानकातच काढली जातात, वाहक खालीच राहतो आणि दार बंद झाले की गाडी थेट पुण्याच्या वाटेला लागते. आनेवाडीचा टोलनाका, भुईंजला कृष्णेचा पूल, सुरूर फाटा, खंबाटकीचा बोगदा, शिरवळच्या पुढे नीरा ओलांडली की पुणे जिल्हा, मग कापूरहोळ, खेड शिवापूर आणि कात्रज. डिसेंबरात ही गाडी निघते तेव्हा पूर्ण काळोख असतो आणि खंबाटकीच्या अलीकडे कुठेतरी उजाडते. रोज जाणारी माणसे खिडकीला मफलर लावून साताऱ्यातच डोळे मिटतात आणि कात्रजला आपोआप जागी होतात. सारे सुरळीत असेल तर अडीच तासांच्या आत स्वारगेट येते. स्वारगेटपर्यंतची मेट्रो सप्टेंबर २०२४ अखेर सुरू झाल्यापासून पुढचा टप्पाही सोपा झाला आहे. मंडई, कसबा पेठ आणि जिल्हा न्यायालय ही स्थानके काही मिनिटांत येतात, आणि एरवी रिक्षात बसून ज्या चौकांत जीव कासावीस व्हायचा ते चौक डोक्यावरून निघून जातात.

या रस्त्याचा एक विशेष त्यावरून नेहमी जाणाऱ्यालाच कळतो. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो आणि पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो, कारण जुन्या घाटरस्त्यावरून आता फक्त साताऱ्याकडे येणारी वाहने सोडली जातात. म्हणजे सकाळी आपण सपाट्याने निघून जातो आणि संध्याकाळी, दिवसभर काम करून दमलेल्या अवस्थेत, घाटात एखादा मालाने भरलेला ट्रक वळणावर बंद पडला की त्याच्यामागे अडकून बसतो. शनिवारी तर पाचगणी-महाबळेश्वरला निघालेल्या मोटारींची रांग सुरूर फाट्यापर्यंत सोबत करते. त्यामुळे जाण्याचा वेळ बऱ्यापैकी सांगता येतो, येण्याचा सांगता येत नाही, आणि घरची माणसे वाट पाहत असतात ती येण्याचीच. रोजच्या प्रवासाचा हिशेब करताना आपण नकाशावरचा सरासरी वेळ धरतो. प्रत्यक्षात घरावर ताण पडतो तो त्या सरासरीच्या वरच्या, न सांगता येणाऱ्या तासाचा.

पैशाच्या बाजूने पाहिले तर ये-जा करणेच शहाणपणाचे दिसत होते. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व गाड्यांमध्ये महिलांना निम्मे तिकीट आहे. त्याआधीही एसटीच्या पासची सवलत होतीच. २० दिवसांचे भाडे भरून ३० दिवस किंवा ५० दिवसांचे भाडे भरून ९० दिवस प्रवास करता येतो, आणि आमच्या भागातल्या कितीतरी शिक्षकांनी, न्यायालयातल्या कारकुनांनी आणि परिचारिकांनी आपली उभी नोकरी त्या पासवर काढली आहे. निम्म्या तिकिटाने बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडवली, तिची नोंद घेतली पाहिजे. कमी पगाराच्या, कमी मुदतीच्या कामासाठी शेजारच्या मोठ्या शहरात जाणे पूर्वी त्यांना परवडतच नसे, कारण मानधनाचा मोठा हिस्सा तिकिटात जाई. आज ती बाई निदान विचार तरी करू शकते, आणि माझ्यापुढे हा पेच उभा राहिला तो त्या सवलतीमुळेच.

तरीही तात्पुरत्या माणसाची ये-जा आणि कायम माणसाची ये-जा यांत फरक आहे, आणि तो किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. कायम नोकरीतला माणूस उशिरा पोहोचला तर ‘घाटात अडकलो’ एवढे सांगतो आणि त्याचे सहकारी ते समजून घेतात. तात्पुरत्या माणसाला हेच वाक्य दोनदा उच्चारता येत नाही. त्याच्या खाती अर्जित रजा नसते, उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचे मानधन कापले जाते, आणि मुदतवाढीचा विषय निघेल तेव्हा त्याचे काम कसे होते याआधी तो वेळेवर येत होता का, हेच आठवले जाणार असते. म्हणून तो वेळेवर पोहोचवणाऱ्या गाडीच्या आधीची गाडी धरतो, आणि त्याचा दिवस खऱ्या अंतरापेक्षा आणखी तासाभराने लांब होतो. आमच्या ओळखीचे अनेकजण मला सांगत होते की अमुक गृहस्थ पंचवीस वर्षे पुण्याला रोज जातात, मग तुला सहा महिने काय जड आहेत. त्या गृहस्थांबद्दल मला आदर आहे. पण त्यांची गाडीत बसायची जागा ठरलेली आहे, गाडीतली मंडळी ठरलेली आहेत, साहेबांना त्यांच्या गाडीची वेळ पाठ आहे, आणि हे सारे पाठबळ जमायला वर्षे लागतात. सहा महिन्यांसाठी येणाऱ्याला त्यातला फक्त प्रवास मिळतो.

मग पुण्यात राहण्याचा विचार करू लागले, आणि तिथे दुसऱ्या प्रकारची अडचण समोर आली. भाड्याच्या घराचा सारा व्यवहार आपल्याकडे अकरा महिन्यांच्या मापाने चालतो. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने बंधनकारक केली, ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची पद्धत रुळली. महाराष्ट्रात त्या पळवाटेला आता अर्थ उरलेला नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो कितीही महिन्यांचा असो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवला नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. बाहेरगावाहून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या माणसाने हे कलम माहीत करून घेतलेच पाहिजे, कारण ‘सहा महिन्यांचाच प्रश्न आहे, करार कशाला’ असे त्यालाच सर्वांत आधी ऐकवले जाते. मुद्रांकाचा खर्च फार नसतो. एकूण भाड्यावर आणि अनामत रकमेच्या दहा टक्के दराने धरलेल्या व्याजावर पाव टक्का, म्हणजे दरमहा दहा हजार भाडे आणि पन्नास हजार अनामत असेल तर अकरा महिन्यांच्या करारालाही तीनशे रुपयांच्या आतबाहेर. वर शहरी भागात हजार रुपये नोंदणी शुल्क. अंगठ्याचे यंत्र आणि कॅमेरा घेऊन एजंट घरी येतो आणि अर्ध्या तासात काम उरकते.

अडते ते ‘लॉक-इन’च्या अटीपाशी. मला दाखवलेल्या बहुतेक करारांत पहिले सहा महिने घर सोडायचे नाही, सोडले तर उरलेल्या महिन्यांचे भाडे भरायचे, असे कलम होते. मालकाची बाजू मला कळते. दर दोन महिन्यांनी नवा भाडेकरू शोधणे त्याला परवडत नाही. पण माझी नेमणूक सव्वीस आठवड्यांची असली तरी त्याच पत्रात ती कोणतेही कारण न देता आधी संपवता येईल असेही लिहिले होते. घराचा करार मला बांधून ठेवणार आणि नोकरीचा करार मला केव्हाही सोडणार, अशा दोन कागदांवर एकाच आठवड्यात सही करणे मला योग्य वाटले नाही. त्यावर दलालाचे एक महिन्याचे भाडे, अनामत रक्कम, गॅसची शेगडी, गादी, दोन भांडी. अर्ध्या वर्षासाठी दुसरा संसार मांडायचा तर त्याची किंमत पहिल्या दोन महिन्यांच्या मानधनाएवढी होत होती.

नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्र सरकारची योजना १९७२-७३ पासून आहे. तिच्या नियमांत आईबरोबर अठरा वर्षांपर्यंतच्या मुलीला राहता येते, हे वाचून मी क्षणभर थबकले. पण नववीतल्या मुलीची शाळा वर्षाच्या मध्यावर सोडवून तिला माझ्या सहा महिन्यांमागे फरफटत नेणे मला कोणत्याही सोयीसाठी मान्य नव्हते. जागाही रिकामी मिळेल असे दिसत नव्हते. ही योजना चांगली आहे, परंतु नोकरीसाठी शहरात येऊन दोन-तीन वर्षे राहणारी तरुण मुलगी नजरेसमोर ठेवून ती आखलेली वाटते. आठवड्यातले चार दिवस एक खाट हवी असलेली, मागे घर असलेली मध्यमवयीन बाई तिच्या हिशेबात नाही. अशा बायकांची संख्या कंत्राटी नेमणुकांबरोबर वाढत चालली आहे, आणि त्यांच्यासाठी काही खाटा अल्पमुदतीने राखून ठेवाव्यात असे मला मनापासून वाटते.

तात्पुरत्या मुक्कामाची भीती आमच्या घराला परंपरेने आहे, हेही सांगितले पाहिजे. माझे आजोबा जावळी खोऱ्यातले. जावळी आणि पाटण तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला माथाडी कामाला गेली. त्यांच्या पाठीवर मशीद बंदरच्या बाजारातला माल चढला-उतरला, आणि पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केल्यावर १९६९ साली माथाडी कायदा झाला. आजोबा गेले ते, आजीच्या शब्दांत सांगायचे तर, ‘दोन उन्हाळे काढून’ परत येणार होते. गावच्या माणसांच्या गाळ्यात एका खोलीत ते पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत आणि शिमग्याला, गावच्या जत्रेला घरी येत. दोन उन्हाळ्यांचे त्यांचे सारे कामाचे आयुष्य झाले. माझ्या वडिलांना त्यांचे वडील ठाऊक होते ते सुट्टीत येणारे गृहस्थ म्हणून. मी पुण्यात राहायचे म्हणते आहे हे कळल्यावर वडील फोनवर फक्त इतकेच म्हणाले, ‘‘बाळ, परतीची तारीख आधी ठरव.’’ त्यांच्या त्या बोलण्यामागे काय होते ते मला समजले.

सासूबाईंचे मत अगदी स्पष्ट होते. ‘‘घरचं माणूस रात्री घरात असावं,’’ असे त्या म्हणाल्या, आणि त्यात माझ्यावर अविश्वास नव्हता. त्यांना रात्री दोनदा उठावे लागते आणि तेव्हा दुसऱ्या खोलीत मी आहे या जाणिवेचा त्यांना आधार असतो. शेजारपाजारचे म्हणणे मात्र मला पटले नाही. पुरुष कामानिमित्त बाहेरगावी राहिला की तो घरासाठी कष्ट उपसतो असे म्हणतात. बाई राहिली की मागे घर कसे चालते याची चौकशी होते. आमच्या गल्लीत दोन घरांतले पुरुष हिंजवडीला आणि चाकणला खोली घेऊन राहतात आणि शनिवारी येतात. त्यांच्या बायकांना कुणी विचारत नाही की तुमच्या घरची रात्र कशी जाते.

निर्णय झाला तो मुलीच्या एका वाक्याने. रुजू झाल्यावर पहिले काही आठवडे मी रोज ये-जा केली, कारण जागेचे काही ठरलेले नव्हते. पहाटे चारला उठून पोळ्या करायच्या, अंधारात स्थानक गाठायचे, आणि रात्री साडेनऊला, कधी दहाला, घरात पाऊल टाकायचे. मी घरी आले, जेवले आणि झोपले, तरी मला वाटत होते की मी रोज घरी आहे. एका रात्री मी तिला विचारले, ‘‘चाचणीचे पेपर मिळाले का गं?’’ ती म्हणाली, ‘‘परवाच मिळाले. आई, तू येतेस तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघून काही सांगावंसंच वाटत नाही.’’ ती रागावली नव्हती. तिने मला जपले होते, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्या आईला असे जपावे लागणे मला सहन झाले नाही.

त्या रात्री मला माझा प्रश्न नीट मांडता आला. ये-जा केली तर दिवसाचे तुकडे होतात आणि राहायला गेले तर आठवड्याचे. तुटणे दोन्हीकडे आहे. तेव्हा आपल्या घराला यांतले कोणते तुटणे सोसेल, एवढेच ठरवायचे असते. लहान बाळ असलेल्या घराला रोजची रात्र हवी असते, भले आई कितीही दमलेली असो, कारण बाळाला तिचा वास आणि स्पर्श पुरतो. अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर मुक्कामाचा विचारच करता येत नाही. पण मोठ्या होत चाललेल्या मुलीला आई हवी असते ती ऐकण्यासाठी, आणि ऐकण्यासाठी माणूस जागे असावे लागते. अॅलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या पाहणीवरून असे दाखवले आहे की ज्यांचा कामावर जाण्यायेण्याचा वेळ जास्त, त्यांचे आयुष्याविषयीचे समाधान कमी. पगार वाढला किंवा घर स्वस्त मिळाले की त्याची भरपाई व्हायला हवी, असे अर्थशास्त्राचे गणित सांगते. त्या पाहणीत ती तशी झालेली दिसली नाही. मला हे वाचून नवल वाटले नाही. प्रवासाचे नुकसान प्रवासात होतच नाही. ते घरी पोहोचल्यावर, ताटावर बसलेले असताना होते, आणि ते सोसणारे माणूस दुसरेच असते.

मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर एक जागा घेतली. जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीतला दुसरा मजला, एका खोलीत चार खाटा, प्रत्येकीला एक कुलपाचे कपाट आणि भिंतीतला एक प्लग. माझ्याखेरीज तिघी स्पर्धा परीक्षेच्या मुली, एक बीडची, एक नांदेडची आणि एक आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याची. महिन्याची नोटीस देऊन जागा सोडता येत होती आणि हे महिन्याचेच बंधन मला परवडणारे होते. त्या खोलीत रात्री दिवा कधी पूर्ण बंद होत नसे. अकरानंतर मोठा दिवा मालवून प्रत्येकजण आपल्या उशापाशी छोटा दिवा लावी, आणि पाठ करण्याचा पुटपुटता आवाज पहाटेपर्यंत कुणा ना कुणाच्या खाटेवरून येत राही. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, त्यावर नद्यांची नावे लाल शाईने गिरवलेली. माणची मुलगी चौथ्या वर्षी तिथे होती. घरून निघताना तिनेही एका वर्षाचे ठरवले होते. तिचे शिक्षण, वय, लग्नाचा विषय, सारे त्या ‘पुढच्या निकालापर्यंत’वर टांगलेले होते, आणि त्या मुलींची जिद्द पाहून माझा सव्वीस आठवड्यांचा काळ मला फारच सुरक्षित वाटू लागला. त्या मला काकू म्हणत आणि मेसच्या डब्यात शेवग्याची भाजी आली की माझी वाटी आधी भरत.

महाविद्यालयाचे ग्रंथालय शनिवारीही चालू असल्याने सरळ पाच दिवसांचा मुक्काम मला शक्य नव्हता, आणि शनिवारी रात्री येऊन सोमवारी पहाटे निघायचे म्हटले तर घराच्या वाट्याला एक रविवारच उरत होता. म्हणून बुधवार मध्ये घातला. सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचे, सोमवार-मंगळवार पुण्यात, बुधवारी संध्याकाळी घरी, गुरुवारी पहाटे परत, गुरुवार-शुक्रवार पुण्यात आणि शनिवारी घरी. बुधवारी मला उपग्रंथपालांनी तासभर लवकर सोडण्याचे कबूल केले, आणि त्या बदल्यात मंगळवारी वाचनकक्ष बंद होईपर्यंत मी थांबत असे. हा तासभर कागदावर कुठेही नाही, पण त्या एका तासामुळे मी घाटातल्या गर्दीच्या आधी वर चढून जाई आणि दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात घरी असे. तात्पुरत्या नोकरीत असे काही मागायचे नसते, असा आपला समज असतो. मला वाटते, रुजू होतानाच ते मागून घ्यावे. नंतर ते सवलत ठरते, आधी ती कामाची अट असते.

घरात सर्वांत आधी सावरल्या त्या सासूबाई. यजमानांनी त्यांच्या खोलीत आपली खाट टाकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आई आणि मुलगा रात्री एकमेकांशी बोलू लागले. यजमानांना पोळ्या येत नाहीत हे घरात सर्वांना माहीत होते, म्हणून त्यांनी भाकरी शिकायला घेतली, ती जमली. सगळेच जमले असे मात्र नाही. मार्चमध्ये सासूबाई ओसरीवर घसरल्या आणि मनगट मोडले, तेव्हा मंगळवार होता. मला कळेपर्यंत आणि मी पोहोचेपर्यंत प्लास्टर घालून झाले होते. रोज ये-जा करत असते तरीही मी त्या दुपारी पुण्यातच असते, हे मला समजते. तरीदेखील ती रात्र मी पुण्यात नसते तर, हा विचार त्यानंतर बरेच दिवस माझ्यापाशी राहिला. मुक्कामाचा हा भार प्रवासाच्या थकव्यासारखा झोपून उतरत नाही.

या काळात मला सर्वांत जास्त खटकले ते ‘तेवढंच ना’ हे शब्द. सहा महिने तेवढेच ना, म्हणून झोप कमी करायची, औषधाची गोळी चुकवायची, मैत्रिणीच्या घरचे कार्य सोडायचे, मुलीचे स्नेहसंमेलन सोडायचे. ज्याची नोकरी कायम आहे त्याचे आयुष्य कामाच्या बाजूने चालूच राहते. तात्पुरत्या माणसाला मात्र आयुष्य मुदत संपेपर्यंत बाजूला ठेवायला सांगितले जाते, आणि ही मुदत संपली की दुसरी तात्पुरती जागा येते. आज आपल्या महाविद्यालयांतले तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, रुग्णालयांतल्या कंत्राटी परिचारिका आणि कार्यालयांतले बाह्ययंत्रणेमार्फत नेमलेले कर्मचारी वर्षानुवर्षे अशाच तुकड्यांवर जगत आहेत. त्यांना प्रवास की मुक्काम हा प्रश्न एकदा सोडवून भागत नाही. दर नेमणुकीला, दर गावाला, मुलाच्या दर इयत्तेला तो नव्याने सोडवावा लागतो, आणि प्रत्येक वेळी ‘तेवढंच ना’ म्हणून घराच्या वाट्याचे काहीतरी त्यात जाते.

माझ्या बाबतीतही तेच झाले. मे महिन्यात ग्रंथपडताळणी अर्धवट राहिली होती, रजेवर गेलेल्या बाईंनी विनावेतन रजा वाढवून घेतली आणि मला तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली. काम मला आवडते. दाखल नोंदवहीतली जुनी वळणदार अक्षरे आणि कपाटातली पुस्तके यांचा मेळ घालताना दिवस कसा जातो कळत नाही, म्हणून मी होकार दिला. पण हिशेब मात्र पहिल्यापासून मांडला, कारण आता मुलगी दहावीत आहे, पावसाळा लागला आहे आणि खंबाटकीच्या घाटात संध्याकाळी धुके उतरते. बुधवारची फेरी पावसात भरवशाची राहिलेली नाही. तेव्हा या वेळी वार मी ठरवले नाहीत. शाळेचे वेळापत्रक आल्यावर मुलीने दिनदर्शिकेवर तिच्या घटक चाचण्यांच्या तारखांना खुणा केल्या आणि कोणत्या रात्री मी घरी असायला हवे ते तिने सांगितले. काही आठवड्यांत तिला मी सलग हवी आहे आणि काही आठवड्यांत फक्त रविवारी आले तरी चालेल, असे तिचे म्हणणे आहे. पहिली चाचणी जुलैच्या अखेरीस आहे. त्या आठवड्यात मी साताऱ्याहूनच ये-जा करणार आहे, आणि गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवसाची रजा मुदतवाढीच्या पत्रावर सही करतानाच मंजूर करून घेतली आहे.